रात्रीची गस्त

मध्यरात्री स्टोरेज अ‍ॅरेवरचे दिवे लुकलुकतात, तेव्हा कुणी फाइल उघडलेली नसते. स्क्रबिंग चालू असतं. डिस्कचा सेक्टर न् सेक्टर वाचायचा, पॅरिटीशी, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीशी, ताडून पाहायचा, वाचता आला नाही तर पॅरिटीवरून पुन्हा लिहायचा. मला हे काम फार मोलाचं वाटतं. वर्षानुवर्षं न वाचलेला सेक्टर गुपचूप खराब होतो आणि कळतं कधी? रेड-५ या डिस्कच्या जोडणीतली एक डिस्क गेल्यावर, तिचा डेटा नव्याने उभारण्यासाठी (रिबिल्डसाठी) उरलेल्या सगळ्या डिस्क वाचाव्या लागतात तेव्हा. मग तो सेक्टर परत मिळवायला काही उरलेलं नसतं. वेग मंदावतो म्हणून स्क्रबिंग बंद ठेवणारे भेटले की जीव तुटतो. अहो, प्राधान्य कमी करा, सुट्टीच्या पहाटे चालवा; डेबियनवर सॉफ्टवेअर रेडची तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होतेच. पण बंद करू नका.