ओळखीचे शहर

मे महिन्याच्या सुट्टीत कुठे जायचे, हा प्रश्न आमच्या घरी दरवर्षी न चुकता हजर होतो. पूर्वी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होई, तेव्हा नाताळचा गोठा उतरवता उतरवताच त्याची चर्चा सुरू होत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आणि प्रश्न सरकून उपवासकाळात येऊन बसला. स्वरूप मात्र तेच राहिले: ओळखीच्या शहरात जायचे की नव्या?

आम्ही डोंबिवलीत राहतो. लांब पल्ल्याच्या गाडीसाठी आम्हांला कल्याण गाठावे लागते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. येथून त्याला दोन फाटे फुटतात. एक कसाऱ्यावरून थळ घाट चढून नाशिककडे जातो, तर दुसरा कर्जतवरून बोर घाट चढून पुण्याकडे आणि पुढे दक्षिणेकडे. मुंबईच्या दिशेला आमची नोकरी. सुट्टी असायची ती कल्याणच्या दिशेला, आणि तीस वर्षे ती कर्जतच्याच फाट्याला वळत आली. आमचे ओळखीचे शहर पुणे.

याचे कारण आई. आम्हां उभयतांपैकी एकाची ती जन्मदात्री आणि दुसऱ्याची सासू; परंतु इतक्या वर्षांच्या सहवासात हा भेद केव्हाच पुसला गेला आहे. तिचे बालपण पुण्याच्या नाना पेठेत गेले. सवाई माधवराव पेशव्यांनी १७९२ मध्ये दिलेल्या जागेवरचे सिटी चर्च तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होते. तिथल्या घंटेवर त्या घराचा दिवस चाले. लग्न होऊन ती डोंबिवलीला आली तरी दर मे महिन्यात आठ दिवस पुण्याला जाणे, मोठ्या मिस्साला त्याच बाकावर बसणे आणि परतताना कॅम्पातून बिस्किटांचा पुडा आणणे हा तिचा नेम होता. आम्ही तो नेम चालू ठेवला. मुले लहान असताना ठीक होते. ती मोठी झाल्यावर म्हणू लागली, "सगळे जण सुट्टीत कुठे कुठे जातात. आपण मात्र पुणे!" आम्ही हसून वेळ मारून नेत असू.

तीन वर्षांपूर्वी आईच्या स्मृतीला ग्रहण लागले. प्रथम गॅसवरचे दूध विसरणे, मग शेजारणीचे नाव, मग वार. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचे निदान केले आणि सांगितले, की दिनक्रम बदलू नका, परिचित माणसे व परिचित जागा यांत त्यांना ठेवा. आता सुट्टीचा प्रश्न कायमचा मिटला, असे आम्हांला वाटले. पुण्याइतके परिचित तिला दुसरे काय असणार?

मे २०२४ मध्ये आम्ही तिला घेऊन पुण्याला गेलो. आईची धाकटी बहीण हल्ली वडगाव शेरीला राहते. नाना पेठेतले जुने घर केव्हाच पाडले गेले असून त्या जागी सात मजली इमारत उभी आहे. हे आईने यापूर्वी अनेकदा पाहिले होते. पण त्या दिवशी ती इमारतीसमोर उभी राहिली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "हे पुणं नाही. तुम्ही मला दुसरीकडे आणलंय."

आम्ही तिला समजावू लागलो. हा बघ रस्ता, ही बघ गल्ली, हे तुझे चर्च. जितके समजावले तितकी ती घाबरी झाली. घराच्या पायऱ्या किती, नळ कोणत्या कोपऱ्यात, जिन्याखाली कोणाची सायकल, सारे तिने बिनचूक सांगितले. त्यातले काहीही तिथे नव्हते. ती रस्त्यातच रडू लागली. रात्रभर आम्हांला झोप लागली नाही. तिची स्मृती हरवली आहे असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः त्या घटकेला तिची स्मृती शाबूत होती. हरवले होते ते शहर. आणि आम्ही, तिच्याच भल्यासाठी म्हणून, तिला पदोपदी सांगत होतो की तुला आठवते ते खोटे आहे.

पुढच्या उपवासकाळात प्रश्न पुन्हा पुढ्यात आला, तेव्हा मुलीने हैदराबादचे नाव काढले. आम्ही तिच्यावर रागावलोच. आईच्या या अवस्थेत अनोळखी शहर? मुलगी शांतपणे म्हणाली, "आजी हल्ली जिथे जाते तिथे पाहुणीच असते. पुण्यात आपण सगळे घरचे आणि ती एकटीच पाहुणी. मग आपण सगळेच पाहुणे असू अशा ठिकाणी जाऊ या की."

या बोलण्याला आमच्याकडे उत्तर नव्हते. तरीही मनात एक बोच होती. हे आपण आईसाठी करतो आहोत की तीस वर्षे पुण्याला जाऊन कंटाळलेल्या स्वतःसाठी? मावशीने फोनवर तोच प्रश्न अधिक स्पष्ट शब्दांत विचारला. खरे सांगायचे तर, दोन्हींसाठी. अशा घरातील माणसे थकतात, आणि थकल्याचे कबूल करायला लाजतात. वाचकांपैकी ज्यांच्या घरी असे वृद्ध आहेत त्यांना हे निराळे सांगायला नको.

मे २०२५ च्या अखेरीस आम्ही हुसेनसागर एक्स्प्रेसने निघालो. खालचे दोन बर्थ मिळाले. आईची रोजची चादर, तिचा स्टीलचा पेला आणि जपमाळ बरोबर घेतली. नाव आणि आमचे फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी तिच्या पर्समध्ये घातली, आणि तीच चिठ्ठी पिन लावून पोलक्याच्या आतही टाचली. दिवसाला एकच ठिकाण पाहायचे आणि ऊन कलण्यापूर्वी खोलीवर परतायचे, असे ठरवले; कारण तिन्हीसांजेला तिचा गोंधळ वाढतो.

ही गाडी कल्याणहून कर्जतच्याच फाट्याने जाते, त्यामुळे नव्या शहराच्या वाटेवर पुणे येतेच. मध्यरात्र उलटून गेल्यावर गाडी पुणे स्थानकात थांबली. आई जागी होती. काचेतून फलाटाकडे पाहत तिने विचारले, "कुठलं स्टेशन?"

आमच्या छातीत धस्स झाले. खोटे बोलण्याचा मोह झाला. पण सांगितले, "पुणं."

ती क्षणभर गप्प राहिली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "आता सगळे झोपले असतील. कोणाला उठवू नका." आणि चादर ओढून घेऊन कुशीवर वळली. तिच्या पुण्यात सारी माणसे आपापल्या जागी झोपलेली होती. वर्षापूर्वी आम्ही तेच पुणे तिच्यापासून हिरावून घ्यायला निघालो होतो.

हैदराबादेत ऊन कडक होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सालारजंग संग्रहालयात गेलो. १९५१ मध्ये दिवाण देवडीत सुरू झालेले आणि १९६८ पासून मुसी नदीकाठच्या सध्याच्या वास्तूत असलेले हे संग्रहालय एका घराण्याच्या हौसेतून उभे राहिले आहे. तिथे जोव्हान्नी मारिया बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची 'बुरख्यातील रिबेका' आहे. संगमरवर तोच, परंतु चेहऱ्यावरील झिरझिरीत वस्त्रामागून नाकडोळे दिसावेत असे त्याचे काम. उत्पत्तीच्या पुस्तकातील ही रिबेका माहेर सोडून, कधी न पाहिलेल्या माणसाकडे, कधी न पाहिलेल्या देशी जायला तयार झाली. इसहाकाला दुरून पाहताच तिने चेहऱ्यावर वस्त्र ओढून घेतले. आई पुतळ्यापुढे बराच वेळ उभी होती. "नवी नवरी आहे," ती म्हणाली. आम्ही काहीही शिकवले नव्हते.

मग घड्याळ. तिथे एक जुने मोठे घड्याळ आहे. त्यातला छोटा लोहार सेकंदासेकंदाला घण मारतो आणि दर तासाला, ठोके पडण्याच्या आधी तीन मिनिटे, दाराआडून एक बाहुला बाहेर येऊन उभा राहतो व वेळ होताच घंटेवर टोले देतो. त्यासाठी समोर बाके मांडलेली आहेत. अकरा वाजता आईने ते पाहिले आणि टाळ्या वाजवल्या. बारा वाजता पुन्हा पाहिले. तिला ते पहिल्यांदाच दिसत होते. भोवतीच्या शेकडो माणसांनाही ते पहिल्यांदाच दिसत होते. तिला "अगं, मघाशी पाहिलंस ना" असे म्हणणारे तिथे कोणी नव्हते, आणि आम्हीही म्हटले नाही.

सारेच गोड झाले असे नाही. तिसऱ्या रात्री ती उठली, तिला न्हाणीघराचे दार सापडेना, आणि अंधारात तिने असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतली माणसे धावून आली. पहाटेपर्यंत आम्ही तिचा हात धरून बसलो. डॉक्टरांचे म्हणणे खोटे नव्हते. म्हणून नवे शहर चांगले आणि जुने वाईट, असा सल्ला आम्ही कोणाला देणार नाही. एवढेच उमगले, की ओळखीचे शहर आपल्याकडून ओळखीची अपेक्षा करते. ती ज्याला पुरवता येत नाही, त्याच्यावर प्रेमाने का होईना, तिचा भार टाकू नये.

हैदराबाद आईला आठवत नाही. मावशीने विचारले तर "मी कुठे गेले होते?" असे म्हणते. मावशी अर्थपूर्ण नजरेने आमच्याकडे पाहते. त्या सकाळी तिने वाजवलेल्या टाळ्या आमच्या कानांत आहेत. तिला आठवत नाहीत म्हणून त्या वाजल्याच नाहीत असे होत नाही.

या वर्षी तिला लांबचा प्रवास झेपणार नाही. मुलाने ठाण्याचे नाव सुचवले. आधी हसू आले, मग विचारात पडलो. तीस वर्षे रोज दोनदा ठाण्यावरून गेलो, गर्दी चढताना-उतरताना पाहिली. मासुंदा तलावाच्या काठी मात्र आईला घेऊन एकदाही बसलो नाही. हे शहर ओळखीचे म्हणावे की नवे? त्यासाठी आरक्षणही लागत नाही. दुपारच्या रिकाम्या धीम्या गाडीने जाऊ, जवळच्या संत जॉन बॅप्टिस्ट चर्चमध्ये घटकाभर टेकू, आणि दिवे लागायच्या आत परत येऊ.