म्हातारा पाऊस

१९८४ सालचा जून महिना. एस्टीच्या टपावरून माझी पत्र्याची ट्रंक खाली उतरली, तिच्यामागोमाग पुस्तकांचे खोके उतरले आणि गाडी धुरळा उडवीत निघून गेली. सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील त्या लहानशा गावी मी मराठीचा शिक्षक म्हणून रुजू होण्यास आलो होतो. वय अवघे चोवीस. पुणे विद्यापीठाची एम.ए.ची पदवी नवी कोरी होती आणि तिचा ताठाही तितकाच नवा होता.

माणदेश मला पुस्तकांतून ठाऊक होता. व्यंकटेश माडगूळकरांची १९५५ साली प्रसिद्ध झालेली ‘बनगरवाडी’ मी दोनदा वाचली होती. तीतही एक तरुण मास्तर धनगरांच्या वस्तीवरील शाळेत येतो. तेव्हा येथील माणसे आपल्या परिचयाचीच आहेत, अशी माझी समजूत होती. महाबळेश्वर आणि हा तालुका एकाच जिल्ह्यातले. परंतु तेथे वर्षाकाठी ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि येथे ५०० मिलिमीटर झाला तरी लोक समाधान मानतात. सह्याद्री ढगांना पश्चिमेकडेच रिते करून घेतो. पूर्वेकडे उरते ती पर्जन्यछाया. हा भूगोल मी शिकलो होतो. त्या छायेत राहणारी माणसे आभाळाकडे कोणत्या नजरेने पाहत असतील, हा विचार मात्र मनाला शिवला नव्हता.

माझ्याकडे सातवीचा वर्ग आला. मुले ‘व्हय’ म्हणत, ‘न्हाई’ म्हणत, ‘कुठं गेल्ता?’ असे विचारीत. माझ्या कानांना ते खटके. ही भाषा सुधारावयाची, असा निश्चय करून मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डाव्या बाजूस ‘अशुद्ध’ व उजव्या बाजूस ‘शुद्ध’ असे मथळे लिहिले. रोज पाच शब्द डावीकडून उजवीकडे न्यावयाचे, असा परिपाठ सुरू झाला. पंधरवड्यात वर्ग इतका शांत झाला, की शेजारच्या वर्गावरील वृद्ध शिक्षक दारात येऊन पाहून गेले. मला ती माझ्या शिस्तीची पावती वाटली.

जुलैच्या विशीतील एक दिवस मला विसरता येत नाही. सकाळपासून बारीक पाऊस लागला होता. मी धडा वाचीत होतो. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा खिडकीबाहेर पाहत आनंदाने म्हणाला, “गुरुजी, म्हातारा पाऊस लागला!”

तो मुलगा धनगराचा. त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. एरवी तो फारसा बोलत नसे. त्या दिवशी मात्र आपण होऊन बोलला होता. मी पुस्तक मिटले आणि म्हणालो, “पाऊस म्हातारा? मग त्याला दाढीही असेल, आणि हातात काठीही असेल, नाही का?”

वर्ग खदखदून हसला. मीही हसलो. तो मुलगा खाली बसला. त्यानंतर तो वर्गात एक अक्षरही बोलला नाही. हजेरी घेतानासुद्धा तो केवळ हात वर करी.

ऑक्टोबरात सहामाही परीक्षा झाली. निबंधाचा विषय मीच दिला होता : ‘पावसाळ्यातील एक दिवस’. रात्री कंदिलाच्या उजेडात उत्तरपत्रिका तपासावयास बसलो. पहिल्या पत्रिकेत धरणीने हिरवा शालू नेसला होता, धबधबे कोसळत होते, मोर पिसारा फुलवून नाचत होता. दुसरीत तेच होते, तिसरीतही तेच होते. एका ओळीत जाऊन पाहावी ती सारी वाक्ये माझीच. वर्गात नमुन्यादाखल मी जो निबंध सांगितला होता, तो मुलांनी जसाच्या तसा परत केला होता. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती. गावाच्या विहिरी तळाला गेल्या होत्या, बाजरी करपली होती. आणि माझी मुले कोसळत्या धबधब्यांचे वर्णन करीत होती!

त्या धनगराच्या मुलाची उत्तरपत्रिका जवळजवळ कोरी होती. त्याने तीन ओळी लिहून स्वतःच खोडल्या होत्या. मी कागद कंदिलापुढे धरून खोडलेले वाचले. ‘तरना पाऊस आला न्हाई. म्हातारा आला आन लगेच गेला. आता हत्तीची वाट बघतूया. न्हाईतर बा म्हन्तो मेंढरं घिऊन लौकर निघायचं.’

सगळ्या गठ्ठ्यात खऱ्या पावसाविषयी एवढ्या तीनच ओळी होत्या, आणि त्यांवरही काट मारलेली होती. ती काट मारावयास त्याला मीच शिकविले होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विचारीत विचारीत माळावर त्याच्या बिऱ्हाडाकडे गेलो. मेंढरांभोवती वाघर लावलेली होती. वाघर म्हणजे मेंढरांना कोंडून ठेवण्याची दोरांची जाळी. हेही मला तेथेच कळले. त्याची आजी घोंगडीवर बसली होती. “बसा मास्तर,” असे म्हणून तिने घोंगडीचा दुसरा कोपरा झटकला. मी विचारले, “आजी, म्हातारा पाऊस म्हणजे काय हो?”

तिला माझ्या अज्ञानाचे नवल वाटले असावे, पण ती हसली नाही. बोटे मोडीत तिने मला समजावून सांगितले. सूर्य एकेका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. मृग व आर्द्रा संपल्यावर पुनर्वसू येते. तो तरणा पाऊस. जुलैच्या विशीत पुष्य नक्षत्र लागते, तो म्हातारा. सप्टेंबरच्या अखेरीस हस्त नक्षत्र येते. त्याला लोक हत्ती म्हणतात. “तरणा धावत येतो आन धावत जातो,” ती म्हणाली. “म्हातारा हळूहळू येतो, पर दिसभर बसून ऱ्हातो. त्यो पडला तरच रान धरतं, मास्तर.”

म्हणजे मुलगा बरोबर होता! तो नुसता शब्द बोलला नव्हता. पंचांग बोलला होता. आजीने हे सांगितले, तेव्हा तो कोकराला कवटाळून बाजूस उभा होता. मी त्याला म्हणालो, “अरे, त्या दिवशी मी चुकलो. मला ठाऊक नव्हते.” तो काहीच बोलला नाही. त्याने कोकराच्या पाठीवरचे एक कुसळ काढून टाकले, एवढेच.

दिवाळी होताच ते लोक घाट उतरून कोकणात जावयाचे होते. शेतांत मेंढरे बसवावयाची, त्या खताच्या मोबदल्यात धान्य घ्यावयाचे आणि मृगाच्या आधी माघारी यावयाचे, असा त्यांचा क्रम. कारण कोकणच्या पावसात मेंढरांचे खूर कुजतात. जाण्यापूर्वी मी त्याला एक दोनशे पानी वही दिली. “मला ठाऊक नसलेले शब्द यात लिही. कसेही लिही, पण खोडू नकोस.”

इकडे वर्गातील फळ्यावरचे दोन्ही मथळे मी पुसले. त्यांच्या जागी ‘घरचा शब्द’ आणि ‘पुस्तकातला शब्द’ असे लिहिले. मग एक खेळ सुरू केला. प्रत्येकाने घरून एक शब्द आणावयाचा. त्याचा अर्थ मला सांगता आला, तर मी जिंकलो. नाही आला, तर मूल जिंकले व त्याने तो मला शिकवावयाचा. पहिल्याच आठवड्यात माझा सपशेल पराभव झाला. एका मुलीने आजोबांना विचारून मोटेचे शब्द आणले. मोट ओढणारा जाड दोर तो नाडा, तिची सोंड आवरणारा बारीक दोर तो सोंदूर, बैल मागेपुढे चालतात ती धाव आणि पाणी जेथे पडते ते थारोळे. गावात पाण्याची इंजिने आली होती. मोट बहुतेकांच्या गोठ्यात अडगळीत पडली होती. त्या मुलीच्या आजोबांशी इतका वेळ कोणी बोलले नव्हते, असे तिची आई मला म्हणाली.

सर्वांनाच हे रुचले असे नाही. एक पालक शाळेत येऊन रागाने म्हणाले, “आमची भाषा पोरांना येतीच की. तुम्ही कचेरीतली शिकवा.” त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. तहसीलदारांना अर्ज लिहावयाचा तर पुस्तकातली भाषा यावयासच हवी. म्हणून आम्ही एकच गोष्ट दोनदा लिहू लागलो : विहीर आटल्याचे एकदा मामाला पत्र, आणि एकदा तहसीलदारांना अर्ज. गंमत अशी, की ज्याचे मामाला लिहिलेले पत्र चांगले साधे, त्याचा अर्जही चांगला होई. धबधबे मात्र वह्यांतून नाहीसे झाले. तुमच्याही निबंधांत ते असतील, तर आपण ते कधी पाहिले आहेत काय, हे एकदा स्वतःला विचारून पाहा.

१९८५ च्या जूनमध्ये शाळा उघडली. तो मुलगा वार्षिक परीक्षेला नव्हता. म्हणून नियमाप्रमाणे त्याला पुन्हा सातवीतच बसावे लागले. मी रदबदली करून पाहिली, पण उपयोग झाला नाही. एक वर्ष त्याचे गेले ते गेलेच.

पहिल्या दिवशी त्याने वही माझ्या टेबलावर आणून ठेवली. ती भिजून फुगली होती आणि तिला लोकरीचा वास येत होता. काही पानांवरची शाई पसरली होती. तरी मी मोजले, ६३ शब्द होते. एकही खोडलेला नव्हता. मी ते वर्गात मोठ्याने वाचू लागलो. तिसऱ्याच शब्दाला मागच्या बाकावरून आवाज आला, “तसं न्हाई गुरुजी, चुकलं.”

वर्ग हसला. तोही हसत होता. मी खडू त्याच्यापुढे धरला. तो उठला, फळ्यापाशी आला आणि मला तो शब्द कसा उच्चारावयाचा ते सांगू लागला.