आर्चरीचा कापूस

10 ऑक्टोबर 2023, अटलांटा
जिमी कार्टर यांचं ‘ॲन अवर बिफोर डेलाइट’ काल रात्री वाचून झालं. लेक म्हणाली, “आई, तू राष्ट्राध्यक्षांचं पुस्तक वाचतेस की कापसाचं?” कापसाचंच. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या कास्तकाराची मुलगी. पुस्तकात मला मुलापेक्षा बापच जास्त दिसला. अर्ल कार्टर, दक्षिण जॉर्जियातला भरल्या घरचा शेतकरी.

घराण्याचा इतिहास साधा नाही. अर्लचे पणजोबा वायली कार्टर 1864 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या मालमत्तेत जमिनीबरोबर चाळीसहून जास्त गुलाम माणसं होती. जमीन, जनावरं आणि माणसं एकाच यादीत. पुढल्याच वर्षी यादवी युद्ध संपलं आणि यादीतली माणसं मोकळी झाली. त्याच युद्धामुळे इकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. कुणाची बेडी, कुणाची चांदी.

अर्लच्या आजोबांचा जीव भागीदाराशी झालेल्या भांडणात गेला. वडील 1903 मध्ये एका टेबलाच्या वादात गोळी लागून गेले, तेव्हा अर्ल नऊ वर्षांचे. थोरल्या भावाने घर सावरलं आणि कुटुंब प्लेन्सला आलं. अर्लनी 1928 मध्ये तिथून जवळच, आर्चरीला शेत घेतलं.

12 ऑक्टोबर, प्लेन्स
जावईबापूंनी पहाटेच गाडी काढली. अमेरिकस गावाच्या पुढे दोन्ही अंगांना पांढरं रान लागलं. मी गाडी थांबवायला लावली. बांधावरूनच एका बोंडाला हात लावला. बोंड चांगलं उललेलं होतं, पण त्याची टोकं तशीच बोटाला टोचली, जशी आमच्या पऱ्हाटीची टोचतात. वेचणाऱ्या बाया मात्र कुठेच नाहीत. एक अजस्र यंत्र कापूस वेचून प्लास्टिकात गुंडाळलेले गोल गठ्ठे मागे टाकत चाललं होतं.

आर्चरीचं शेत आता राष्ट्रीय स्मारक आहे. घर साधं, लाकडी. 1938 पर्यंत वीज नव्हती. अंगणात मोठी घंटा आहे. दिवस उजाडायच्या तासभर आधी जॅक क्लार्क ती वाजवायचे आणि सगळं शेत उठायचं. जॅक आणि त्यांची बायको रेचल, दोघं काळे मजूर. रेचलच्या हाताला कापूस वेचण्यात तोड नव्हती, असं जिमी लिहितात. त्यांचं घरही जपलंय. मी तिथे मालकाच्या घरापेक्षा जास्त वेळ उभी राहिले.

घराला लागून दुकान आहे. मजुरांनी कपडे, रॉकेल, साखर इथूनच न्यायचं, बहुधा उधारीवर. कूळ अर्ध्या वाट्यावर कापूस पिकवायचं आणि हंगाम सरला की उधारी कापून जे उरेल ते त्याचं. पुष्कळदा काहीच उरत नसे. हे वाचताना मला आमच्या ओसरीवरची लाल कापडी बांधणीची वही आठवत होती. आजोबा दिवाळीनंतर ती उघडून बसायचे आणि सालदार समोर उकिडवे बसायचे.

बोंडकिड्याचं तर नाव काढलं तरी काळजात धस्स होतं. तो 1915 मध्ये जॉर्जियात शिरला आणि दहा वर्षांच्या आत राज्यातली कापसाची लागवड निम्म्यावर आली. गुलाबी बोंडअळीने आमचं काय केलं ते कुणी मला वेगळं सांगायला नको. आर्चरीला उपाय होता तो असा. सोमल, काकवी आणि पाणी कालवायचं, काठीला चिंधी बांधायची आणि ते मिश्रण एकेका झाडाच्या शेंड्याला लावत जायचं. हे काम पोरांचं. जिमीही करायचे. माश्या घोंघावत, आणि काकवीने विजार इतकी कडक व्हायची की संध्याकाळी काढली तरी उभी राहायची. लहान पोरांच्या हातात सोमल! फवारणीचा पंप पाठीवर घेतलेली आमची माणसं विषबाधेने गेली, तेव्हाही हात मजुराचेच होते.

भाव पौंडाला पाच सेंटवर आला तसं सरकारने 1933 मध्ये उभं पीक मोडायला पैसे दिले. देशभर सुमारे एक कोटी एकर कापूस नांगराखाली गेला. हाताने वाढवलेलं पीक मोडायचं हे अर्ल यांना कधीच पचलं नाही. पुन्हा त्यांनी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना मत दिलं नाही. तो राग मला कळतो. ते तगले, कारण नुसत्या कापसावर विसंबले नाहीत. भुईमूग, ऊस, दुकान, सगळं राखलं.

13 ऑक्टोबर
जिमी कार्टर याच गावात आपल्या घरी आजारी आहेत, नव्व्याण्णव वर्षांचे. त्यांच्या घराच्या बाजूला गेलो नाही. योग्य वाटलं नाही.

एक प्रसंग मनातून जात नाही. जून 1938, काळ्या जो लुईची गोऱ्या मॅक्स श्मेलिंगशी मुष्टियुद्धाची लढत. काळे शेजारी अर्ल यांच्याकडे विचारायला आले, रेडिओ ऐकता येईल का. अर्लनी रेडिओ खिडकीत ठेवला. माणसं बाहेर अंगणातच उभी. लुईने पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्ध्याला लोळवलं. अंगणात कुणी हूं की चूं केलं नाही. “थँक यू, मिस्टर अर्ल” म्हणून सगळे रुळांपलीकडे आपल्या घरी गेले, आणि दार लागल्यावर तिथून जो जल्लोष उठला, तो रात्रभर चालला. रेडिओ देणारा माणूस वाईट नव्हता. 1953 मध्ये ते वारल्यावर त्यांनी गुपचूप किती जणांना मदत केली होती ते मुलाला कळलं. पण काळ्या माणसाने पुढच्या दाराने आत यावं, हे त्यांना अखेरपर्यंत मान्य नव्हतं. त्यांच्या पत्नी लिलियन मात्र काळ्यांच्या घरी जाऊन शुश्रूषा करत. याच बाई अडुसष्टाव्या वर्षी पीस कोअर या अमेरिकी सेवादलातून आपल्या विक्रोळीला आल्या आणि एकवीस महिने दवाखान्यात राबल्या. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

15 ऑक्टोबर, अटलांटा
धाकट्या भावाला फोन केला. म्हटलं, माळ्यावरची आजोबांची वही काढ. तो म्हणाला, “ताई, इतक्या वर्षांनी तुला ती कशाला?” म्हटलं, सालदारांची नावं हवीत. आपल्या घराण्याचा इतिहास लिहायचा तर त्यांच्यापासून सुरुवात करायची.

संध्याकाळी त्याने पानांचे फोटो पाठवले. आजोबांचं अक्षर सुरेख. किती मण सरकी, किती गठाणी, कुणाकडे किती ज्वारी उसनी गेली, सगळं नोंदलंय. सालदारांची अकरा नावं आहेत. एकाचंही आडनाव लिहिलेलं नाही.