चुकांची साक्ष

बरोबर उत्तरावरून माणूस ओळखतां येत नाहीं. तो ओळखतां येतो चुकीवरून. सात आठे छप्पन्न हें सिन्नरच्या मुलाचें आणि सोलापूरच्या मुलाचें सारखेंच असावयाचें. पण त्या छप्पन्नाचे चौपन्न कोण करतो आणि अठ्ठावन्न कोण, यांत ज्याचा त्याचा स्वभाव उतरलेला असतो. तीस वर्षें वह्या तपासल्यावर वरचें नांव न वाचतां वही कोणाची आहे हें मला सांगतां येऊं लागलें होतें. आणि दोन वह्यांत एकच तऱ्हेवाईक चूक आढळली, म्हणजे बांकावर कोण कोणाशेजारीं बसलें होतें, हेंहि उमगत असे.

मास्तरांची ही अटकळ शास्त्राच्या पंक्तीला जाऊन बसली आहे, हें मला निवृत्त झाल्यावर कळलें. चार्ल्स बर्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९२७ सालींच ती हिशेबांत मांडली होती. दोघां परीक्षार्थींचीं बरोबर उत्तरें जुळलीं तर दोघांनीं अभ्यास केला, एवढेंच ठरतें. चुकीचीं जुळलीं तर मात्र थांबून पाहावें. प्रश्नाला पर्याय चार, त्यांतले चूक तीन. एखादा प्रश्न दोघांचाहि चुकला, आणि दोघांनीं केवळ अंदाजानें खूण केली असली, तर ती एकाच चुकीच्या पर्यायावर पडण्याचा संभव तिनांत एक. असे दहाच्या दहा प्रश्न जुळावयाचे, तर तोच संभव ५९,०४९ मध्यें एक इतका क्षीण होतो. आज संगणक लाखो उत्तरपत्रिका अशा एकमेकींशीं ताडून पाहतो. गुणांचा आलेख काढला असतां उत्तीर्णतेच्या रेषेला लागूनच भलता उंचवटा दिसला, तर तिकडेहि तो बोट दाखवितो.

शिकागोच्या शाळांतील उत्तरांच्या ओळी अशाच न्याहाळून जेकब आणि लेव्हिट या दोघां अर्थशास्त्रज्ञांनीं २००३ मध्यें असें दाखविलें, कीं दरवर्षीं शेंकडा निदान चारपांच वर्गांत लबाडी होत होती. आणि ती करणारीं मुलें नव्हेत, मोठीं माणसें होतीं.

मोठ्या माणसांचा हा पराक्रम आपल्याकडेहि घडला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ मध्यें झाला, त्यामागोमाग शिक्षक पात्रता परीक्षा आली, आणि महाराष्ट्रांत ती २०१३ पासून होऊं लागली. दीडशें गुणांची परीक्षा. खुल्या वर्गाला नव्वद हवेत. जानेवारी २०२० मध्यें झालेल्या परीक्षेचा निकाल लागला, पेढे वाटले गेले, कांहींजण नोकरींत रुजूहि झाले. पुढें डिसेंबर २०२१ मध्यें पुण्याचे पोलिस म्हाडाच्या भरतीचा पेपर कसा फुटला हें शोधीत असतां धागा या परीक्षेपर्यंत गेला, आणि परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक झाली. ऑगस्ट २०२२ मध्यें परिषदेनें ७,८७४ उमेदवारांची संपादणूक रद्द केली. येथें बर्डसाहेबांच्या गणिताची गरजच पडली नाहीं. मूळ उत्तरपत्रिकेंत किती गुण होतात आणि जाहीर किती झाले, हे दोन आकडे शेजारीं ठेवणें पुरेसें होतें. शेजाऱ्याच्या पेपरांत डोकावणारा पोर बिचारा फार लहान चोर! कुंपणच शेत खाऊं लागलें कीं पर्यवेक्षक कितीहि डोळे वटारून फिरला तरी काय उपयोग?

आमच्या आळींत त्या परीक्षेंत उत्तीर्ण झालेली एक सून आहे. नवरा मुसळगांवच्या वसाहतींतील कारखान्यांत पाळीवर जातो. ही मूल निजल्यावर स्वयंपाकघरांतल्या दिव्याखालीं वाचीत बसे. यादी निघाली तेव्हां तिच्या सासऱ्यांनीं चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. तिचें नांव नव्हतें, असणारहि नव्हतें. पण तेव्हांपासून हळदीकुंकवाला कोणी विचारतें, "तुम्ही कोणत्या वर्षीं पास झालांत?" आणि तिनें वर्ष सांगितलें, कीं विचारणारी क्षणभर गप्प राहते. त्या एका क्षणाची भरपाई कोणत्या कोष्टकांत मांडावयाची? यादीनें दोषी कोण तें सांगितलें. यादीबाहेरच्यांना निर्दोष म्हणून कोणी दाखला दिला नाहीं.

म्हणूनच आकड्यांच्या या नव्या कौतुकांत मला एक धास्ती वाटते. सोळा हजार उत्तरपत्रिका एकमेकींशीं ताडावयाच्या म्हणजे जवळजवळ १२ कोटि ८० लाख जोड्या झाल्या. त्या साऱ्यांचे दहा दहा प्रश्न चुकले आहेत असें धरलें, तर ५९,०४९ मध्यें एकदां घडणारा योगायोग त्यांत दोन हजारांहून अधिक वेळां निव्वळ सहजगत्या घडेल. शिवाय चुका कांहीं आकाशांतून पडत नाहींत. गोंदेश्वराचें मंदिर यादवकालीन. शिकवणीच्या टिपणांत तें चालुक्यांच्या नांवावर छापलें गेलें, तर तीं टिपणें पाठ केलेलीं चाळीस मुलें तीच चूक मोठ्या इमानानें करतील. संगणकाला त्या चाळिसांत टोळी दिसेल; मला एक आळशी मुद्रितशोधक दिसतो.

तरीहि पर्यवेक्षकाच्या नजरेपेक्षां मी आकड्यावर अधिक भरंवसा ठेवीन. आकडा आडनांव पाहत नाहीं, कपडे पाहत नाहीं, मुलगा कोणत्या वस्तींतून आला हें त्याला ठाऊक नसतें. मात्र त्याच्या जोडीला दुसरा साक्षीदार हवा: बैठकीचा नकाशा, मूळ उत्तरपत्रिका, आणि ज्याच्यावर बोट रोखलें त्याचें म्हणणें. पुण्याच्या प्रकरणांत मूळ उत्तरपत्रिका बोलली, म्हणून निकाल लागला.

१ सप्टेंबर २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला, कीं निवृत्तीला पांच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनींहि दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावें. तेव्हांपासून आमच्या शेजारच्या सूनबाईंकडे संध्याकाळीं दोन वडीलधाऱ्या शिक्षिका अभ्यासाला येऊं लागल्या. या वयांत पोटावर आलेली परीक्षा. दोघींच्या तोंडचें पाणी पळालेलें. चुकलेल्या प्रश्नापुढें "असें कां वाटलें" हें लिहून ठेवण्याची शिस्त सूनबाईंनीं त्यांना लावली. त्या वह्या मीं चाळून पाहिल्या. एकच पुस्तक, एकच चटई, एकच दिवा. आणि दोघींच्या चुका अगदीं निराळ्या.