करपायच्या जरा अलीकडे

काळ्या बिअरचा चॉकलेट केक ओव्हनमधून काढला, की आधी भाजलेल्या धान्याचा वास येतो, चॉकलेट त्याच्या मागून. मला हा केक आवडतो तो त्या पहिल्या वासासाठी. आमच्या हट्टा गावात तो पौषात यायचा, ज्वारी हुरड्याला आली की. शेतात आगटी करायची, गोवऱ्यांच्या आरात कणसं खुपसायची, राख झटकून गरम कणीस हातावर चोळायचं. बाकीची पोरं कोवळे हिरवे दाणे वेचायची. मला आर लागून काळपट झालेले दाणे हवे असायचे. आजी म्हणायची, "करपलेलं खाऊ नको गं बाई, कडू लागंल." कडू लागायचंच. पण त्याच्या पाठोपाठ जो गोडवा यायचा, तो नुसत्या कोवळ्या दाण्याला नसायचा.

तेव्हा आमचं गाव परभणी जिल्ह्यात होतं. हिंगोली जिल्हा वेगळा झाला 1 मे 1999 ला. पूर्णा नदीच्या कॅनॉलमुळे आमच्या वसमत तालुक्यात ऊस आणि हळद वाढली, तरी ताटातली भाकरी ज्वारीचीच राहिली. तिचाही मला काळे डाग पडलेला पापुद्राच आवडायचा. केक मात्र घरात कुणी केलेला नव्हता. दिवाळीच्या आधी मैदा, रवा, साखर, डालडा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जायचं, नंबर लागेपर्यंत ताटकळायचं आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची. पहिला केक मी लग्नानंतर पुण्यात केला: कुकरच्या तळाशी वाळू, शिट्टी काढलेली, मध्ये ॲल्युमिनियमचा डबा. नंतर ओव्हन आला, कोकोचे डबे आले, आणि वर्षानुवर्षं मी गोड, मऊ, सगळ्यांना आवडणारे केक करत राहिले. ते चांगलेच व्हायचे. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच.

मग मुलगी नोकरीसाठी डब्लिनला गेली आणि मी तिच्याकडे गेले. लिबर्टीज नावाच्या जुन्या वस्तीतून आम्ही चाललो होतो. पाऊस नुकता थांबलेला. वारा फिरला आणि मी रस्त्यातच उभी राहिले. कुणीतरी धान्य भाजत होतं. तेही थोडंथोडकं नव्हे. अख्ख्या वस्तीवर तो वास पसरला होता. मुलगी म्हणाली, "आई, ती गिनेसची ब्रुअरी आहे. जव भाजतायत." आर्थर गिनेसने 1759 मध्ये ही जागा वर्षाला 45 पौंड भाड्याने तब्बल 9000 वर्षांच्या करारावर घेतली, हे तिथे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. मला त्या वेळी त्यातलं काहीच नको होतं. आगटीचा वास सातासमुद्रापलीकडे भेटला होता आणि माझे डोळे भरून आले होते.

गिनेसची बिअर काळी होते ती भाजलेल्या जवामुळे, आणि ते जव मोड न आणता भाजलेले असतात. बाकीचं बरंचसं धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून घेतात. बाळाच्या नाचणीसत्त्वासाठी आपण करतो तेच: मोड आले की दाण्यातले एन्झाइम जागे होतात आणि पिठाची साखर करू लागतात. काळे जव एकूण धान्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, पण रंग आणि भाजका कडवटपणा त्यांचा. जव इतके काळे करायचे आणि कोळसा होऊ द्यायचा नाही, ही खरी कला. डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने 1817 मध्ये फिरत्या पिंपात धान्य भाजायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ते भरवशाने जमू लागलं. आजही सुमारे 230 अंशांपर्यंत नेतात आणि तिथेच थांबवतात. थोडं पुढे गेलं की सगळा घाणा वाया. माझ्या आजीला हे तव्यावर, नुसत्या वासाने कळायचं.

या बिअरच्या केकची कृती मुलीने नायजेला लॉसनच्या 2004 सालच्या 'फीस्ट' या पुस्तकातून घेतली होती. पाव लिटर बिअर आणि पाव किलो लोणी पातेल्यात एकत्र गरम करायचं, त्यात 75 ग्रॅम कोको आणि 400 ग्रॅम साखर, मग आंबट साय, अंडी, मैदा, सोडा. इथे मी आंबट सायीऐवजी टांगलेल्या दह्याचा चक्का घालते आणि काही बिघडत नाही. बिअर मात्र आधी ओतून ठेवावी आणि फेस बसल्यावरच मोजावी, नाहीतर मापात निम्मा फेसच येतो. लोक विचारतात, बिअर कशाला? एक तर ती आंबट असते, त्यामुळे सोडा उचल खातो आणि केक ओलसर राहूनही फुलतो. पण मोठं कारण वेगळं. कोकोच्या बियाही भाजलेल्याच असतात. ज्वारी, जव, कोको, भाकरीचा पापुद्रा, सगळ्यांत उष्णतेने साखर आणि प्रथिनांचे घटक एकमेकांशी जुळून शेकडो नवे वास तयार करतात. मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने 1912 मध्ये ही क्रिया मांडली. म्हणून या केकमध्ये बिअर वेगळी लागत नाही. चॉकलेट जास्त खोल लागतं. चारशे ग्रॅम साखर ऐकून दचकायला होतं, पण एवढा कडूपणा खाली असला की ती साखर पेलते.

हट्ट्याला हा केक न्यायचा म्हटलं तेव्हा मी थांबले. माझी आई माळकरी आहे. अंडं तिच्या स्वयंपाकघरात येत नाही, दारूचा तर प्रश्नच नाही. आणि आमच्याकडे दारू हा नुसता धर्माचा विषय नाही. गावोगावच्या बायकांनी दारूबंदीच्या 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदानासाठी रांगा लावल्या त्या उगीच नाहीत. कुणाच्या घरी काय विझलं ते त्यांना माहीत होतं. "भाजल्यावर दारू उडून जाते, कळणारही नाही," असं मला एकीने सुचवलं. ते अर्धवट खरं आहे. बिअर 4.2 टक्क्यांची, म्हणजे पाव लिटरमध्ये साधारण साडेदहा मिलिलिटर अल्कोहोल. तासभर भाजल्यावर त्यातला पावेक भाग उरतो असं अमेरिकेच्या कृषी खात्याची सारणी सांगते. अख्ख्या केकमध्ये अडीच-तीन मिलिलिटर. त्याने कुणाला काही होत नाही. पण 'होत नाही' आणि 'नाही' यांत आईच्या गळ्यातल्या माळेएवढं अंतर आहे, आणि ते तिला न सांगता ओलांडायचा हक्क मला नाही. ज्याच्या ताटात वाढतो त्याला आत काय आहे ते ठाऊक असायलाच हवं.

मग मी विचार केला, मला यातलं नेमकं काय हवंय? भाजलेले जव. ते तर बाटलीत शिरायच्या आधीपासूनच जव आहेत. घटस्थापनेला पेरायला आणतो तेच जव मी आईच्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर घेतले. आधी सोनेरी, मग बदामी, मग कॉफीच्या रंगाचे. घरभर धूर झाला. आई ओसरीवरून आत आली, तव्यात बघितलं आणि म्हणाली, "आता उतरव." मी आणखी थोडं थांबले. मग खडबडीत भरडून, पाण्यात उकळून, फडक्यातून गाळून काळाभोर काढा केला. बिअरच्या जागी तो, अंड्यांच्या जागी दही, आंबटपणा दह्यातूनच आला. वहिनीने कुकरमध्ये वाळू घातली.

बिअरमध्ये घालतात त्या हॉप्सच्या फुलांचा जो एक रानटी कडूपणा असतो तो यात नव्हता. तो मला हवा होता, हे मान्य. पण भाजल्या धान्याची चव उलट जास्त स्वच्छ आली होती. आईने एक तुकडा खाल्ला, दुसरा मागून घेतला आणि म्हणाली, "जव पुढच्या बारीला जरा कमी भाज. कडू लागतंय." मी तेवढं एकच ऐकत नाही. साखर कमी करते, दही तिच्या हातचं घेते, पण जव तेवढेच काळे करते. ती दर वेळी हेच म्हणते आणि दर वेळी दुसरा तुकडा घेते.