त्या बाईला चालतंय

"त्या बाईला चालतंय की, मॅडम. तुमालाच चालत न्हाई."

तिसरीतली पोरगी. डोक्याला चपचपीत तेल, दप्तर म्हणून खताची पिशवी. तिने हे म्हटलं 2022 च्या ऑगस्टमध्ये, आणि अजूनही डाळ निवडताना किंवा एसटीत बसल्यावर मध्येच मला ते आठवतं आणि कानशिलं गरम होतात. ती 'बाई' कोण, ते सांगते.

आमची शाळा बीड जिल्ह्यातली, द्विशिक्षकी, पहिली ते चौथी, पट 27. दिवाळी झाली की आई-बाप कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर निघतात आणि पट निम्म्यावर येतो. या पोरीची पहिली कोरोनात गेली. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' चालू होतं, सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायचं. तिच्या घरी ना टीव्ही होता ना तसला फोन. दुसरीत आली तेव्हा अक्षरं ओळखायची, पण वाच म्हटलं की ओठ मिटून बसायची. वर्षभर मी गोड बोलले, रागावले, शेवटी नाद सोडला.

मग माझ्या फोनवर मी गुगलचं 'रीड अलाँग' घेतलं. हे 2019 मध्ये 'बोलो' नावाने हिंदी-इंग्रजीसाठी आलं, पुढच्या वर्षी नाव बदललं. मराठीही त्यात आहे. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या की नेट लागत नाही, हे आमच्या गावाच्या दृष्टीने सगळ्यात मोठं. पडद्यावर 'दिया' नावाची एक चित्रातली बाई असते. मूल मोठ्याने वाचतं, ती ऐकते. बरोबर आलं की चांदणी. अडलं तर शब्दावर बोट ठेवायचं, ती म्हणून दाखवते. मी फोन त्या पोरीच्या हातात दिला तो केवळ चौथीची गणितं तपासायला वेळ मिळावा म्हणून. त्यात शैक्षणिक प्रयोग वगैरे काही नव्हता.

आणि ती वाचायला लागली. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, फोन ओठांशी नेऊन. वर्षभरात जो आवाज मी ऐकला नव्हता तो ऐकू आला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण त्याच्या आधी जे वाटलं त्याला मत्सर हाच शब्द आहे. अंगणवाडीपासून ओळखते मी हिला, आणि ही उघडली कोणापुढे, तर चित्रातल्या बाईपुढे!

चौथ्या-पाचव्या दिवशी वाचताना 'पाणी' शब्द आला. ती म्हणाली, "पानी." चांदणी पडली. माझी मान वहीत होती, पण सवयीने तोंडातून गेलंच, "पाणी. ण. जीभ वर." तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ते वाक्य म्हटलं. उद्धटपणा अजिबात नव्हता. दुकानात सुटे नाहीत म्हणून सांगावं, इतक्या साधेपणाने.

त्या दिवशी रात्री घरी स्वयंपाक उरकून मी स्वतः दियासमोर बसले. पानी म्हटलं, लोनी म्हटलं, कोन म्हटलं. माझ्या फोनवर तरी तिने सगळं चालवून घेतलं. 'पाणी'च्या जागी मुद्दाम 'भाकरी' म्हटलं, ते मात्र चाललं नाही. म्हणजे ती अगदीच बहिरी नव्हती. मशीनला न आणि ण यांतला फरक कळत नसेल, किंवा जवळपासचा उच्चार आला की ते पुढे जात असेल. माझ्याइतकी बारीक चाळणी तिच्याकडे नव्हती एवढं खरं. पण गेली अठरा वर्षं मी हीच चाळणी घेऊन पोरांच्या तोंडाशी बसले आहे. पोरगं गोष्टीत रंगलेलं असतं, पुढे काय होणार म्हणून धावत असतं, आणि मी मध्येच: ण. ळ. श, स नव्हे. असे किती जणांचे ओठ मी शिवून टाकले असतील?

यात एक गोष्ट लपवणं बरं नाही. डी.एड.ला येईपर्यंत मीही पानीच म्हणायचे. सराव पाठ चालू असताना मला फळ्यासमोर उभं करून 'पाणी आणि लोणी' दहा वेळा म्हणायला लावलं होतं, आणि मागच्या बाकावरच्या शहरातल्या मुली रुमालात तोंड घालून हसल्या होत्या. त्या दिवशी मी ण शिकले तो आजतागायत विसरले नाही. मग वाटतं, कोणी तरी तो शिकवायलाच हवा ना? ही पोरगी उद्या तालुक्याच्या कॉलेजात गेली आणि तिथे हसली गेली, तर दिया येणार आहे का सोबत? हा वाद माझ्यापाशी अजून मिटलेला नाही. सोमवारी मी बोलीच्या बाजूने असते, गुरुवारी व्याकरणाच्या.

तेव्हापासून मात्र असल्या साधनांचा मला नादच लागला. नव्या शिक्षिका विचारतात, काय वापरू? माझं सांगणं असं की दहा ॲप घेऊ नका, दोन घ्या आणि त्यांचा पिच्छा पुरवा. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' हे त्यातलं पहिलं. 2015 च्या साक्षरता दिनाला सुरू झालं, गोष्टी फुकट, परवाना खुला. मुलाच्या वाचनाच्या पायरीप्रमाणे निवडा, पीडीएफ उतरवा, तालुक्याला जाल तेव्हा छापून आणा आणि मधोमध स्टेपल मारा. पुस्तकाला चार्जिंग लागत नाही. भाषांतर करून तिथेच टाकायचीही सोय आहे. मी एक गोष्ट आमच्या पोरांच्या बोलीत उतरवली, 'पानी'सकट, आणि छापायच्या वेळी घाबरून सगळे न काढून ण केले. तपासणीला कोणी उघडून पाहिलं असतं तर?

दुसरं, अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ. काडेपेटी, स्ट्रॉ, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून खेळणी, शिवाय मराठी पुस्तकांचा ढीग. पुण्यातल्या आयुकाच्या मुक्तांगणात त्यांनी जे वर्षानुवर्षं केलं, ते आमच्या वर्गात उकिरड्यावरच्या सामानातून होतं. ते पाहायला स्क्रीन लागते, करायला लागत नाही, म्हणून मला आवडतं. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड चांगलेच आहेत. परितेवाडीच्या डिसले सरांनी ते खेड्यातल्या शाळेत करून दाखवले, 2020 मध्ये जागतिक पुरस्कार मिळवला आणि त्यातली निम्मी रक्कम इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. ते वाचून आम्ही सगळ्यांनी स्टेटस ठेवलं होतं. पण कोड स्कॅन करून रेंजच्या शोधात पुस्तक आणि फोन घेऊन आवारात फिरणारी बाई, हे दृश्य पोरांना आतल्या व्हिडिओपेक्षा जास्त आवडतं.

आता 'लिंक' या शब्दाविषयी. बाहेरच्या जगात लिंक म्हणजे काही तरी पाहायला मिळणार. आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर लिंक म्हणजे माहिती भरायची. "आजच्या आज लिंक भरा. माहिती निरंक असल्यास निरंक भरा." मग ज्यांनी भरली नाही त्यांची यादी, लाल रंगात. भरल्याचा पुरावा म्हणून स्क्रीनशॉट. कधी वृक्षारोपणाचे फोटो, कधी प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, कधी शपथ घेतल्याचा व्हिडिओ. 2016 साली तर दहा-दहा मुलांसोबत सेल्फी काढून पाठवायचा आदेश निघाला होता, तो पुढे बारगळला. हे सगळं त्याच फोनवर, जो मी माझ्या पगारातून घेतला, 32 जीबीचा, आणि ज्यात दिया राहत होती. एकदा भेटीला आलेल्या साहेबांना मी हौसेने त्या पोरीचं वाचन ऐकवायला निघाले. ते म्हणाले, "ते असू द्या, मॅडम. कालची लिंक पेंडिंग दिसतेय तुमची." पोरगी फोन हातात धरून उभीच होती. मी तिच्या हातातून तो घेतला आणि लिंक भरली. या गोष्टीचा राग साहेबांपेक्षा मला माझाच जास्त आहे.

दिवाळीनंतर तिचे आई-बाप कर्नाटकात निघाले. हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी सांगून पाहिलं, पण धाकट्या भावाला सांभाळायला ती हवी होती. निदान ॲप तरी बरोबर जावं म्हणून मी बापाचा फोन मागितला. जागा नव्हती. फोटो काढून टाकू का, विचारलं. त्याने झटकन फोन मागे घेतला. "त्याच्यात मुकादमाचा हिशेब हाय, मॅडम." पाहिलं तर खरंच. उचलीच्या चिठ्ठ्या, वजनाच्या पावत्या, एकामागून एक शेकडो. त्यातलं काय काढायला सांगणार? छापलेल्या सहा गोष्टी पिशवीत घालून दिल्या.

मार्चमध्ये माझ्याही फोनची जागा संपली. एक नवं ॲप घ्यायचंच होतं, त्याशिवाय माहिती भरता येत नव्हती. कॉलेजच्या मैत्रिणींचे फोटो ठेवले, देवदर्शनाचे ठेवले, रीड अलाँग काढून टाकलं. पोरं तशीही गेलेलीच होती.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात ती आली. काळवंडलेली, हाताला पाचटाचे ओरखडे. पिशवीतून दोन पुस्तकं काढली. बाकीची भावाने फाडली म्हणाली. मी म्हटलं, वाच बघू. ती उभी राहिली, आणि वाचलं नाही. इकडेतिकडे पाहिलं, माझ्या टेबलाकडे पाहिलं.

"ती बाई हाय का आजून?"

"आहे," मी म्हटलं. मग तिला घेऊन शाळेमागच्या चिंचेखाली गेले, रेंज तिथेच येते. एकेक करून स्क्रीनशॉट पुसत उभी राहिले: वृक्षारोपण, शपथ, निरंक, निरंक. पुरेशी जागा झाल्यावर ॲप उतरायला लावलं. 40 टक्क्यांवर अडकलं. ती टाचा उंच करून फोनमध्ये पाहत होती, आणि तेवढ्यात वरून पट्टी खाली आली: ग्रुपवर नवी लिंक.