तेलाची नाडी बघायची कुठे?

तंजावर ते तिरुवैयारु अंतर जेमतेम 13 किलोमीटर. पण एवढ्याशा वाटेत वडवारु, वेण्णारु, वेट्टारु, कुडमुरुट्टी आणि शेवटी कावेरी! तिरुवैयारु म्हणजेच पाच नद्यांचं पवित्र गाव. पौष वद्य पंचमीला संत त्यागराजांच्या आराधनेसाठी इथं गाण्याचे वेडे गोळा होतात, तेव्हा या वाटेवरच्या गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात. पुलाआधी थांबायचं, पुलानंतर थांबायचं.

तंजावरातल्या एका मराठी कुटुंबाला हा रस्ता तोंडपाठ. व्यंकोजीराजांच्या मागोमाग दक्षिणेत आलेल्या आणि आजही घरात मराठी बोलणाऱ्या कुटुंबांपैकी हे एक. आजी दरवर्षी आराधनेला जाणार म्हणजे जाणार, आणि तिला नेण्याचं काम तिशीतल्या नातवाकडे. मागच्या खेपेला परतताना त्याच्या छोट्या टर्बो डिझेल गाडीनं अचानक शिट्टीसारखा आवाज काढला, मागून निळा धूर सोडला आणि दम टाकला. टर्बो गेला! नवा बसवायला महिन्याच्या पगाराहून अधिक पैसे पडले. नवी गाडी घ्यावी, तर 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर बहुतेक छोट्या डिझेल गाड्या बाजारातून गेल्या. तेव्हा आहे ती जपणं आलं.

म्हणून त्यानं ठरवलं, गाडीत तेलाचा दाब आणि तेलाचं तापमान दाखवणारी दोन मीटरं लावायची. मीटरं लावणं सोपं, डॅशबोर्डावर दोन भोकं पाडली की झालं. खरी डोकेदुखी पुढे. मीटरला खबर देणारे सेन्सर इंजिनात बसवायचे कुठे?

एंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरावर पंखा फिरवून एंजिनाला जादा हवा पाजायची, ही टर्बोची कल्पना. स्विस एंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 मध्ये तिचं पेटंट घेतलं. छोट्या गाडीतला हा पंखा मिनिटाला दीड लाखाहून जास्त फेरे घेतो. त्याचा दांडा बहुतेक गाड्यांत छऱ्यांवर नव्हे, तेलाच्या पातळ थरावर तरंगत असतो. तेल क्षणभर आटलं की धातूवर धातू घासलाच. गाडी तापलेली असताना एकदम बंद केली, तर टर्बोत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो. तेलबदल लांबवला तर हा कोळसा तेल नेणाऱ्या बारीक नळीत साचत जातो.

पण डॅशबोर्डावर लाल दिवा असतो ना? असतो. टायरमध्ये हवा भरताना आपण 30-32 म्हणतो, त्याच मापात पळत्या एंजिनातल्या तेलाचा दाब साधारण 45 ते 60 असतो. तो पाच-सातावर उतरला की दिवा पेटतो. म्हणजे पेशंट गेल्यावर डॉक्टर हजर!

तिरुवैयारुतल्या एका छोट्या गॅरेजात शोधाशोध सुरू झाली. पहिली जागा पुस्तकी. लाल दिव्याचा स्विच काढून तिथं पितळी टी बसवायचा, एका तोंडाला जुना स्विच, दुसऱ्याला नवा सेन्सर. मेकॅनिकनं हातातला जाडजूड सेन्सर तोलून पाहिला. एंजिनाच्या थरथरीनं एवढं वजन लोंबकळत ठेवलं तर टीची मान मोडणार आणि सगळं तेल रस्त्यावर! शिवाय आटेही वेगळे. एक अष्टमांश इंची निमुळते आटे आणि 10 मिलिमीटरचे आटे डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन फेरे जातात, मग अडकतात. तिथं पान्याला जोर लावला की ॲल्युमिनियमला तडा गेलाच.

दुसरी जागा ऑइल फिल्टरची. फिल्टर आणि एंजिन यांच्यामध्ये भोकं असलेली जाड चकती घालतात. पण त्यासाठी फिरवून बसवायचा पत्र्याचा डबा हवा. या गाडीचा फिल्टर म्हणजे झाकणाच्या आत बसणारा कागदी गोळा. चकती बाद.

तापमानाचा सेन्सर चेंबरच्या बुचाच्या जागी बसतो. गाडीचा सर्वांत खालचा भाग, आणि आपले स्पीडब्रेकर! सुदैवानं या गाडीचं बूच खाली नव्हतं, मागच्या अंगाला आडवं होतं. तो प्रश्न पाच मिनिटांत सुटला.

दाबाचं घोडं मात्र अडलं होतं. तो पुन्हा टीकडेच वळला. वजन पेलायला आधार देऊ, आटे जुळवणारा जोड आणू, म्हणाला. तेव्हा मेकॅनिकनं विचारलं, "तंबी, टर्बो गेला त्या दिवशी लाल दिवा पेटला होता का?"

"नाही, अण्णा."

"मग त्याच भोकातून तुझं मीटर वेगळं काय सांगणार?"

बिनतोड! त्या दिवशी एंजिनात दाब व्यवस्थित होता. बुजली होती ती टर्बोकडे जाणारी नळी. तळमजल्याचा नळ धो धो वाहतो म्हणून तिसऱ्या मजल्यावर पाणी चढतंच असं थोडंच आहे! दाब बघायचा तर नळीच्या टर्बोकडच्या टोकाला. तिथं तेल ज्या पोकळ बोल्टातून आत शिरतं, त्याच्या जागी डोक्यावर आटे असलेला दुसरा बोल्ट लावायचा आणि सेन्सर तिथं जोडायचा.

पण तिथं आग! टर्बोचा गरम भाग शेजारीच, सेन्सर भाजून निघेल. शिवाय जोड वाढला की गळतीची जागा वाढली, आणि तापल्या लोखंडावर तेल ठिबकलं तर गाडी पेटू शकते. म्हणून बोल्टापासून स्टीलच्या जाळीची नळी काढून ती गरम भागापासून दूर वळवली आणि सेन्सर एंजिनामागच्या पत्र्यावर घट्ट बसवला. तो एंजिनापासून सुटला, तेव्हा अर्थिंगची वेगळी तारही ओढावी लागली. लाल दिव्याचा स्विच होता तिथंच राहिला.

पहिल्यांदा गाडी सुरू केली तेव्हा थंड तेलाचा काटा झपकन वर गेला. अर्ध्या तासानं जागेवर चालू ठेवली तर इतका खाली, की त्याच्या पोटात गोळा आला. मेकॅनिक हसला. तापलेलं तेल पातळ होतं, दाब उतरणारच. थंड, गरम, जागेवर, पळताना, असे चारही आकडे त्यानं वहीत लिहून घेतले. पुढे त्यांच्यात फरक पडला, तरच घाबरायचं.

रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरला. सकाळी त्यावर तेलाचा एक थेंब! बोल्टाखालचे तांब्याचे दोन्ही वॉशर बदलले. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा होता. तिसऱ्या दिवशीही.